गिल्डहॉलचा चार्ज

समजा, रविवारची सकाळ आहे आणि तुम्ही सिंगापूरच्या तेलोक आयर स्ट्रीटच्या फुटपाथवर उभे आहात. समोर वीस-पंचवीस मराठी माणसं आहेत. काहींनी छत्र्या उघडल्यात, एकजण पाठीला चिकटलेला शर्ट सोडवतोय, दोघांची नजर आधीच हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या दिशेने गेलीय. तुमच्या मागे एका जुन्या चिनी सभाघराचं दार आहे. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की युरोपात मध्ययुगात व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे संघ ज्या इमारतीत जमत तिला गिल्डहॉल का म्हणायचे, आणि त्या शब्दाचं या दाराशी काय नातं. करून बघा. तुम्ही फोन काढाल, "गिल्ड म्हणजे संघ, हॉल म्हणजे सभागृह" असं म्हणाल, मंडळी माना डोलावतील आणि जेवायला जातील. कोणाचं काही बिघडणार नाही.

विलास मयेकरांचं तेवढ्यात भागत नसे.

मयेकर मूळचे देवगडचे. आयुष्यभर जहाजांवर इंजिनिअर, शेवटची काही वर्षं चीफ. मग सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी, आणि आता निवृत्ती. सेरंगूनला मॉलच्या मागे त्यांचा फ्लॅट आहे. पत्नी रत्ना आणि बँकेत काम करणारी मुलगी तन्वी, एवढं कुटुंब. निवृत्तीनंतर त्यांनी ओळखीच्या मराठी घरांना गोळा करून 'रविवारची फेरी' सुरू केली. महिन्यातून एक रविवार, शहराचा एखादा जुना तुकडा पायी बघायचा आणि शेवटी एकत्र खायचं. फी नाही, नोंदणी नाही. मयेकर सांगणार, बाकीचे ऐकणार, मुलं कंटाळणार.

गिल्डहॉलचं वेड तरुणपणातलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात त्यांचं जहाज धान्य भरायला थांबलं होतं. संध्याकाळी पाय मोकळे करायला गेले, तर विटांच्या एका उंच, जुनाट इमारतीवर 'गिल्डहॉल' अशी पाटी दिसली. तेव्हा त्यांना वाटलं, हे सोनारांचं काहीतरी असणार. आपल्याकडे गिलिटाचे दागिने म्हणतात ना. जहाजावर परतून त्यांनी तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं. पुढे कधीतरी वाचताना कळलं, की या शब्दाचा सोन्याशी काडीचा संबंध नाही. आपण ठासून सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, हे त्यांना फार लागलं. तिथून पुढे खात्री नसेल तर तसं बोलून दाखवायची त्यांना सवयच लागली.

फेरीत ते सांगत ते असं. जुन्या इंग्रजीत 'गिल्ड'च्या मुळाशी आहे देणं. वर्गणी म्हणा, देवापुढे ठेवलेलं अर्पण म्हणा. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत त्याच शब्दाला मेजवानीचाही अर्थ होता. म्हणजे सगळे आपापला वाटा घालायचे आणि मग एकत्र बसून खायचे-प्यायचे. हॉल म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं छप्पर. पुढे हेच लोक गावाचा कारभार बघायला लागले, तेव्हा कितीतरी गावांत नगरपालिकेच्या कचेरीलाही गिल्डहॉलच म्हणायला लागले. "वर्गणीमुळे नाव पडलं की पंगतीमुळे," मयेकर म्हणायचे, "यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं तर नाहीच नाही."

मग ते मागच्या दाराकडे वळत. सिंगापूरच्या जुन्या चिनी वस्तीत एकाच गावाहून आलेल्या, एकाच बोलीच्या लोकांनी बांधलेली अशी सभाघरं आहेत. पाट्यांवर बोलीप्रमाणे कुठे हुइकुआन, कुठे फुइकुन. त्यातलं पहिलं अक्षर जमण्याचं. दुसरं उतरायच्या जागेचं, आणि त्या अक्षराच्या डाव्या बाजूला खाण्याचं चिन्ह. शिपयार्डमधल्या मिस्टर लिम या जुन्या सहकाऱ्याने ते त्यांना टिश्यू पेपरवर काढून दाखवलं होतं. "धिस साइड ईट, दॅट साइड ऑफिसर. ऑफिसर कम, मस्ट ईट, लाह," असं लिमने समजावलं होतं. परक्या बंदरात उतरलेल्या माणसाला आपली बोली बोलणारं कोणी भेटावं, झोपायला जागा मिळावी, नोकरीचं कळावं, मेलाच तर कोणीतरी अंत्यसंस्कार करावेत, म्हणून ही घरं. "लंडन आणि चीन एकमेकांना विचारून शब्द करत नव्हते," मयेकर म्हणत, "पण दोघांनाही जेवण आठवलं."

या फेऱ्यांत परेश निमकर आला तो दोनेक वर्षांपूर्वी. पुण्याचा, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटी मॅनेजर, राहायला ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत. माणूस गोड. आल्या आल्या मयेकरांच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायचा. सगळे पुढे गेले तरी मागे राहून विचारायचा, "काका, ते अर्पणाचं पुन्हा सांगा ना." रत्नाबाईंच्या हातची सोलकढी पहिल्यांदा प्यायला तेव्हा म्हणाला, "काकू, आमच्या पुण्यात याला सोलकढी म्हणून जे देतात ना, त्याच्यावर केस करायला पाहिजे." तेव्हापासून फेरीनंतरची कित्येक जेवणं त्याने मयेकरांच्या घरी घेतली. तन्वी गमतीने म्हणायची, "पपा, यू फाउंड युवर सन ऑलरेडी." मयेकर "गप गं" म्हणायचे, पण त्यांना ते आवडायचं.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं. बराच काळ चालणं बंद, आणि नंतरही फुटपाथवर दोन तास उभं राहणं कठीण. फेरी बंद करायची की कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न आला. परेश स्वतःच म्हणाला, "काका, मला चार्ज द्या."

हा शब्द त्याने वापरला नसता तर बरं झालं असतं.

जहाजावर चार्ज देण्याची एक रीत असते. तुमच्या जागी नवा इंजिनिअर बंदरात चढतो. तुम्ही उतरायच्या आधी त्याला घेऊन इंजिनरूमभर फिरता, आणि जे चांगलं चाललंय त्याच्याबद्दल फारसं बोलतच नाही. कुठला पंप कुरकुरतो, कुठला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कुठला काटा खोटं दाखवतो, ते सांगता. लपवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, कारण उद्या भर समुद्रात तो माणूस तुमच्या गप्प बसण्यामुळे मरेल. आणि त्याने चार्ज घेतला की मशीन त्याचं. मग मागच्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही. मागच्यानेही नव्याला खलाशांसमोर खाली पाडायचं नाही. मयेकरांनी आयुष्यभर चार्ज असाच घेतला आणि असाच दिला.

म्हणून ऑपरेशनच्या आधी ते काठी टेकत परेशला तेलोक आयरला घेऊन गेले. जे पक्कं होतं ते भरभर उरकलं. बाकी सगळा वेळ ते कच्च्या जागा दाखवत होते.

"हे बघ, एक गोष्ट मी फेरीत कधीच सांगितली नाही," ते त्या दारासमोर म्हणाले. "आपल्याकडेही संघ होते. श्रेणी म्हणत. नाशिकच्या लेण्यांत एक लेख आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. त्यात विणकरांच्या संघाकडे ठेव ठेवल्याचं लिहिलंय, आणि ते निगमसभेत जाहीर केल्याचंही लिहिलंय. निगमसभा! मी वाचलं तेव्हा उठून उभाच राहिलो."

"काका! म्हणजे आपला गिल्डहॉल!"

"थांब. तिथेच गाडी अडते. निगम म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ की गावचा कारभार, यावर वाद आहे. आणि सभा भरली एवढंच लिहिलंय. इमारत होती, असं नाही. झाडाखालीही भरली असेल. हे सांगू नकोस. सांगायचंच झालं तर माहीत नाही, असं म्हणून सांग."

"लक्षात आलं, काका," परेश म्हणाला. मग त्याने टॅक्सी बोलावली, मयेकरांना हाताला धरून आत बसवलं, आणि त्यांचा पाय दारात अडकू नये म्हणून स्वतः वाकून आत सरकवला.

ऑपरेशननंतरचे महिने मयेकर घरातच होते. परेश दोनदा फळं घेऊन आला, नंतर त्याचं येणं कमी झालं. कामं असतील. फेऱ्या चालू आहेत, लोक वाढतायत, हे फेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या फोटोंतून दिसत होतं. मग एक निमंत्रण आलं. ईस्ट कोस्टच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये सचित्र व्याख्यान, 'गिल्डहॉल ते निगमसभा'. खाली लिहिलं होतं, संशोधन आणि मांडणी: परेश निमकर.

रत्नाबाईंनी फोन चष्म्याजवळ धरून ते वाचलं. "तुमचं नाव राहिलं वाटतं."

"पोस्टरवर किती नावं घालणार," मयेकर म्हणाले. पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच शब्दावर होतं. "निगमसभा कशाला घातली यात?"

ते गेले. काठी घेऊन, रत्नाबाईंच्या सोबतीने, सगळ्यात मागच्या रांगेत, पाय लांब करता येईल अशा खुर्चीवर बसले. हॉल भरला होता. बरेच चेहरे अनोळखी होते. परेशने पांढरा कुर्ता घातला होता आणि तो उत्तम बोलत होता. गिलिटाचा किस्सा त्याने सांगितला. बंदर तेच, पाटी तीच, फक्त जहाजावरच्या तरुण इंजिनिअरच्या जागी "एक मित्र" होता. टिश्यू पेपरवरचं अक्षर पडद्यावर फूटभर उंच आलं. "लंडन आणि चीन एकमेकांना विचारून शब्द करत नव्हते," तो म्हणाला आणि हॉल हसला. मयेकरांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि त्यांना कुजबुजून विचारलं, "छान बोलतात ना?"

"छान," मयेकर म्हणाले. ते अजूनही चिडलेले नव्हते. वाक्यं पोचतायत ना, एवढं ते बघत होते. चार्ज दिलेलं इंजिन दुसऱ्याच्या हाताखाली नीट चाललंय, हे ऐकण्यात एक समाधान असतं.

मग शेवटची स्लाइड आली. लेण्याचा फोटो, वर मोठी अक्षरं.

"आणि मित्रहो," परेश थांबला, "युरोपने पहिला गिल्डहॉल बांधला त्याच्या हजार वर्षं आधी, आपल्या नाशिकमध्ये, आपल्या विणकरांचा गिल्डहॉल उभा होता! त्याचं नाव निगमसभा. हे दगडात कोरलेलं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टी मारली. मयेकरांनी हात मांडीवरच ठेवले. रत्नाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवायच्या थांबवल्या.

प्रश्नोत्तरांत दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. मीनल त्यांचं नाव. पुण्यात शिलालेखांचा अभ्यास केलेल्या, नवऱ्याच्या बदलीमुळे नुकत्याच इथे आलेल्या. आवाजात अजिबात धार नव्हती.

"व्याख्यान आवडलं. फक्त एक विचारायचं होतं. तो लेख मी वाचलाय. त्यात इमारतीचा उल्लेख कुठल्या ओळीत आहे?"

परेश हसला. त्याने पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला. "चांगला प्रश्न. खरं सांगायचं तर हा भाग मूळ माझा नाही. आमचे एक ज्येष्ठ आहेत, विलास मयेकर, फेरी त्यांनीच सुरू केली. हे त्यांच्याकडून आलंय. काका मागे बसलेत. काका, सांगता का? त्या पिढीचा आपल्या मातीवर जरा जास्तच जीव असतो, थोडं इकडेतिकडे होतं."

हॉलमध्ये प्रेमळ हसू पसरलं. सगळ्या माना मागे वळल्या. त्या संध्याकाळी त्यांचं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं.

मयेकर काठीवर जोर देऊन उभे राहिले. "मी असं म्हणालो नव्हतो," हे वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. पण ज्याला चार्ज दिला त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नाही, ही रीत अंगात इतकी मुरलेली, की वाक्य तिथेच अडलं. शिवाय प्रश्न मीनलबाईंनी विचारला होता, आणि त्याला उत्तर होतं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या लेखात इमारत नाही. सभेत जाहीर केलं, एवढंच आहे. निगमचा अर्थही नक्की नाही."

"थँक्यू, काका," परेश माइकवर म्हणाला. "चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं. एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी मयेकरांच्या हातावर थोपटलं.

चहाच्या वेळी दोघं-तिघं येऊन "होतं काका असं" म्हणून गेले. एकाने मिश्कीलपणे विचारलं, "काय मयेकर, आता कोलंबसही देवगडचाच ना?" मयेकर त्याच्याकडे बघून हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मीनलबाई बोलायला येताना दिसल्या, पण तेवढ्यात रत्नाबाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं लिफ्टकडे वळले.

टॅक्सीत रत्नाबाई फुटल्या. "तुम्ही बोलला का नाहीत? दगडासारखे उभे राहून त्याचंच खरं करून आलात!"

"मी खरंच सांगितलं."

"खरं सांगितलंत, पण कोणाचं? त्याचं पाप तुम्ही आपल्या डोक्यावर घेऊन आलात. माझी सोलकढी प्यायला ना तो, त्याच तोंडाने!"

"सोलकढीचा काय संबंध, रत्ना."

"मला आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी तन्वीने सगळं ऐकून घेतलं आणि फोन पुढे केला. "पपा, जस्ट राइट इन द ग्रुप, लाह. 'मी हे सांगितलं नव्हतं.' वन लाइन. आय टाइप फॉर यू."

"आता लिहिलं तर काय दिसेल? सगळ्यांसमोर कबूल केलं आणि घरी जाऊन फिरला. माझ्या शब्दाला तेवढीच किंमत होती, तन्वी. मयेकर सांगतो म्हणजे बघून सांगतो, एवढीच. तीही आता गेली."

 तन्वीने फोन खाली ठेवला.

पुढच्या फेरीला नव्या मंडळींपैकी एकीने ग्रुपवर सहज लिहिलं, 'मयेकरकाकांच्या जुन्या गोष्टी गोड असतात, पण क्रॉस-चेक करून घ्या.' खाली हसरे चेहरे. परेशचाही एक होता.

तो बघितल्यावर मयेकरांनी त्याला फोन केला आणि भेटायचं ठरवलं. रॅफल्स प्लेसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, दुपारच्या जेवणाच्या वेळी. मयेकर एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने गेले, गर्दीत काठी सांभाळत. परेश उशिरा आला, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी. त्याला त्यांची बिनसाखरेची आठवत होती.

"काका, तुम्ही ते मनाला लावून घेतलंत का? अहो, मी तुमचं केवढं कौतुक केलं."

"तू माझ्याकडून आलंय म्हणालास. मी तुला नको सांगू म्हणालो होतो."

"म्हणाला असाल. इतकं काय काय सांगितलंत तुम्ही त्या दिवशी. स्लाइड करताना मला वाटलं, शेवट जरा दमदार हवा. लोकांना काहीतरी घरी घेऊन जायला लागतं, काका."

"मग ती मीनल विचारेपर्यंत ते तुझंच होतं ना? पोस्टरवर तसंच होतं."

"पोस्टर डिझायनरने केलं." परेशने घड्याळाकडे बघितलं. "काका, प्लीज. मी तुम्हाला बाजूला केलेलं नाही. पुढच्या कार्यक्रमात तुम्हाला शाल देणार आहोत, ठरलंय. मला एक वाजता कॉल आहे."

"मला शाल नकोय. एकच विचारायचंय."

परेशचा फोन वाजला. त्याने बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली, "या, या, जॉइनिंग," म्हणत उठला आणि गळ्यातलं कार्ड सरळ करत गर्दीतून निघाला. तो परत येईल म्हणून मयेकर बसून राहिले. टेबल हवं असलेल्या दोन मुलींनी जवळ येऊन "अंकल, युवर फ्रेंड कमिंग बॅक?" असं विचारलं, तेव्हा ते उठले.

त्यानंतर परेश दोन-तीनदा फोनवर भेटला, दर वेळी गोड बोलला आणि दर वेळी कुठेतरी जायच्या घाईत होता. मयेकर त्याच्याशी भांडत नाहीत. ग्रुपही सोडलेला नाही. मीनलबाईंशी मात्र त्यांनी स्वतःहून ओळख करून घेतली आहे, आणि निगमसभेच्या त्या ओळीवर दोघं अधूनमधून फोनवर वाद घालतात. त्या लेखाचा अर्थ कधीतरी लागेल किंवा लागणारही नाही, याची त्यांना फिकीर नाही.

हॉकर सेंटरमध्ये अर्धवट राहिलेला तो एक प्रश्न त्यांना अजून विचारायचा आहे. रत्नाबाई म्हणतात, विचारून काय मिळणार. तरी फोन वाजला आणि परेशचं नाव दिसलं की ते सरळ होऊन बसतात: त्या दिवशी मीनलने हात वर केला नसता, तर परेश, माझं नाव तू कधी घेतलं असतंस?